तार मीच काढली

तार मी काढली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या एका तारेवरून इतकी बोलणी झाली की कोणाला वाटावं मी काहीतरी लपवून ठेवलं होतं. निकितानं विचारलं, मी सांगितलं. लपवायची सवय मला नाही आणि लपवावं असं मी काही करतही नाही.

निकिता माझी सून, रजतची बायको. शिकली अमरावतीला, नोकरी पुण्याच्या कंपनीत. त्यांची पोरगी खुशी झाल्यावर कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली आणि कॉम्प्युटरचे दोन काळे डबे कुरिअरनं आर्णीला पाठवले. आमचं गाव तिथून आठ किलोमीटर आत. रजतनं ते डबे मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, पोटाशी धरून आणले. बियाण्याची पोती राहायची ती खोली मी रिकामी करून दिली आणि लाइट गेली तरी डबे चालावेत म्हणून रजतनं तिथं बॅटरी बसवली. गावातल्या बायांनी विचारलं, सून दिवसभर दार लावून काय करते. मी म्हटलं, तुमच्या सुना दार उघडं ठेवून काय करतात ते आधी सांगा.

पण मलाही जाणून घ्यायचंच होतं. एकदा ती माझ्याजवळ तूर निवडत बसली होती, तेव्हा मी म्हटलं, मी चौथी शिकली, पण डोकं पूर्ण आहे, नीट सांग. तिनं नीट सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड असतं, त्यातून नेटचं सगळं येणं-जाणं होतं, बारीक बारीक पुडक्यांनी. त्यांना पॅकेट म्हणतात. कार्डाला हाकणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. किती पॅकेटं आली, किती गेली, किती वाटेत सांडली, हे आकडे तो ड्रायव्हर सांगतो. तो खरं सांगतो की खोटं, हे तपासायचं काम निकिताचं. आणि तेही हातानं नाही. ती तपासणी एकदा लिहून ठेवते, मग मशीन ती आपली आपण चालवते. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पॅकेटं सोडायची, दोघांचे आकडे विचारायचे, जुळले तर हिरवं, नाही जुळले तर लाल. याला ते टेस्ट म्हणतात. एका डब्यात कंपनीचं नवं कार्ड होतं, दुसऱ्यात जुनं, खात्रीचं.

मला ते काम पसंत पडलं. दुसऱ्याचं खोटं पकडायचा पगार मिळतो हे मला माहीत नव्हतं. मी जन्मभर फुकटात केलं.

तिनं एकच गोष्ट बजावली होती. डब्यांच्या बटणाला हात लावायचा नाही. झाडताना नाही, पुसताना नाही, कधीच नाही. मी म्हटलं, नाही लावत.

दसरा होऊन गेला होता. कापलेल्या सोयाबीनची सुडी वावरात ताडपत्रीखाली होती. त्या मंगळवारी निकिता आणि रजत खुशीला लसीची सुई द्यायला आर्णीला गेले. जाताना निकितानं अकरा वाजता टेस्ट सुरू करून ठेवली. एक वाजायला आला तसं मावळतीकडून आभाळ काळं झालं आणि गडगडायला लागलं.

आमच्याकडे ढग गरजला की आधी प्लगच्या पिना निघतात, मग वाळवण उचललं जातं. मागच्या वर्षी डोमाजीच्या घरी वीज छपरावरच्या डिशच्या छत्रीच्या तारेतून आत आली आणि टीव्ही जळून काळा पडला. डोमाजी समोर बसून जेवत होता, त्याचा हात महिनाभर थरथरत होता. तेव्हापासून गावात पिना काढण्याची कोणी थट्टा करत नाही. मी टीव्ही काढला, फ्रिज काढला, मोबाइलचं चार्जर काढलं. मग निकिताच्या खोलीत गेले. बटणाला हात लावायचा नव्हता, मी लावला नाही. मी शब्दाची पक्की आहे. पण दोन डब्यांच्या मधून एक निळी तार जात होती. तारेचं नाव निकितानं घेतलं नव्हतं. वीज तारेतून येते हे तर डोमाजीच्या टीव्हीनं सगळ्या गावाला शिकवलं. तारेच्या टोकाला बारीक जीभ असते, ती दाबली आणि तार काढून टाकली.

पाऊस पडला पाच थेंब. अर्ध्या तासानं ऊन पडलं. मी सगळ्या पिना परत लावल्या, ती तारही लावली, टक् वाजेपर्यंत.

दोन वाजता ते आले. निकितानं खोलीत जाऊन स्क्रीन पाहिली. लाल. ती बाहेर आली आणि विचारलं, मी सांगितलं. तिनं समजावलं, ती तार घराबाहेर कुठंच जात नाही, या डब्यातून त्या डब्यात, दीड हात. वीज त्यातून येणार कुठून. मी म्हटलं, विजेला विचारून येते. ती हसली नाही. आमच्याकडे राग आला की बोलतात, भांडतात, मग जेवतात. ही पोरगी गप्प बसते. गप्प बसणाऱ्या माणसाशी कसं भांडावं हे मला अजून समजलेलं नाही.

चार वाजता पुण्याहून फोन आला. आयुष सर, तिच्या वरचा माणूस. लाल कशानं झालं ते तिनं त्याला आधीच कळवलं होतं. दार उघडं होतं, आवाज स्पीकरवर होता आणि मी ओसरीवर शेंगा फोडत होते, म्हणजे ऐकायला मी काही गेले नव्हते. तो म्हणाला, शुक्रवारी कार्ड गिऱ्हाइकाला जाणार, अहवालात लाल चालणार नाही. तू लिही की घरातल्या माणसाच्या हातून बिघाड झाला, ती टेस्ट धरू नये. आणि दोन्ही डबे शनिवारी पुण्याला परत पाठव. मग आवाज खाली करून, समजूत काढल्यासारखं बोलला.

"हे बघ निकिता, तुझा दोष नाही. पण घरात अडाणी माणसं तारा ओढत असतील तर तिथे लॅब कशी चालणार?"

निकिता बरं म्हणाली.

डबे गेले म्हणजे तिला पुण्याला जाणं आलं, नाहीतर नोकरी सोडणं आलं. खुशी अडीच वर्षांची. रजतचं वावर इथं, त्याला उचलून पुण्याला नेता येत नाही. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आयुष सरलाही माहीत असावं. माझ्यासाठी तर एक जास्तीचं होतं. मला लोकांनी भांडखोर म्हटलं, तोंडाळ म्हटलं, ते खरं आहे म्हणून मी काही बोलले नाही. अडाणी कोणी म्हटलं नव्हतं.

मी चहा घेऊन आत गेले. ती ते पत्र लिहून राहिली होती. मी म्हटलं, वाचून दाखव. तिनं वाचलं. इंग्रजीचं मराठी करून वाचलं, आणि घरातल्या माणसाच्या हातून, या शब्दांवर तिचा आवाज बारीक झाला.

मी विचारलं, लाल म्हणजे नक्की काय झालं ते सांग. ती म्हणाली, जुन्या कार्डानं नव्वद लाख पॅकेटं पाठवली आणि नव्या कार्डाचा ड्रायव्हर म्हणतो अठराच लाख आली. तार निघाली होती, म्हणून.

"तार किती वेळ निघाली होती?" मी म्हटलं. "अर्धा घंटा. अकरापासून एकपर्यंत तं लागूनच होती ना. त्या दोन घंट्यांत जे आलं, ते कुठं गेलं?"

ती म्हणाली, आई, तार निघाली की गडबड होतेच.

"दिवसातून दहादा आपली लाइट जाते. म्हणून लाइटचं मीटर शून्यावर येते काय? आलं असतं तं म्या गावभर लाडू वाटले असते."

ती स्क्रीनकडे वळली. मशीन दर पाच मिनिटांनी आकडे टिपून ठेवत होती, ते तिनं वरून खाली वाचले. एकाला पाच कमी असताना बहात्तर लाख. दीडनंतर शून्यापासून सुरू. मी म्हटलं, आणि सांडलेली? तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. एकाच्या आधी दोनशे बारा सांडली होती. नंतर शून्य. दोनशे बारा पॅकेटं हरवल्याचा पत्ताच नाही, जशी कधी हरवलीच नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तार परत काढा."

मी काढली, लावली. शून्य. पुन्हा काढली. शून्य. पाच वेळा काढली, पाचही वेळा शून्य, आणि जुन्या कार्डाचे आकडे मात्र जिथल्या तिथं. निकितानं कारण शोधून काढलं. तार निघाली की नवा ड्रायव्हर कार्डाला झोपवतो आणि लागली की पहिल्यापासून उठवतो. उठवताना कार्डातले आकडे पुसले जातात. पुसायच्या आधी ते बाजूला जपून ठेवायचे असतात, म्हणजे नव्यात जुने मिळवता येतात. तो ठेवत नव्हता.

मला वाटलं ती खूश होईल. ती डोकं धरून बसली. म्हणाली, माझ्या टेस्टमध्ये तार कधी निघतच नव्हती. दोन महिने हिरवं दाखवून राहिले मी. मी म्हटलं, मग आता लाल दाखव, रडतेस काय.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, आणि माझं डोकं खरं फिरलं ते त्या वेळी. ही कार्डं ज्या डब्यांत बसणार ते डबे खेड्यांत जाणार होते. शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत. कुठल्या गावची नेटची लाइन खराब आहे, आधी कुठं माणूस पाठवायचा, हे कोणीतरी लांब ऑफिसात बसून त्या सांडलेल्या आकड्यावरून ठरवणार. म्हणजे जिथं लाइन दिवसातून वीसदा तुटते, तिथला आकडा वीसदा पुसला जाणार. ज्या गावाचं सगळ्यात जास्त सांडतं, त्याच गावाचं काहीच सांडत नाही असं दिसणार. तक्रार करायला गेलो तर म्हणतील, आमच्याकडे तर शून्य आहे.

"पूस ते पत्र," मी म्हटलं.

तिनं पुसलं आणि दुसरं लिहिलं. त्यात तार, वेळ, आकडे, सगळं. खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

आयुष सरचा फोन लगेच आला. या वेळी आवाज खाली नव्हता. टेस्टमध्ये जे ठरलंय त्यात तार काढणं नाही, म्हणाला. घरी बसून नवी भानगड काढू नकोस. शुक्रवारी दहाला मोठ्या मॅडमसमोर बैठक आहे, त्याआधी पहिलं पत्र आलं पाहिजे. रजत दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, लिहून दे ना, कायले वाकड्यात शिरायचं, नोकरी तं टिकन. मी त्याला म्हटलं, तुझ्या बायकोनं खोटं लिहून नोकरी टिकवली तरी डबे जाणारच आहेत, नोकरी फक्त पुण्याला टिकेल, आणि तू इथं कुकरच्या शिट्ट्या मोजत बसशील. तो वावरात निघून गेला. खरं तर निकिताही घाबरली होती. बुधवार आणि गुरुवार ती जेवली म्हणायला जेवली. पण पहिलं पत्र तिनं पाठवलं नाही.

शुक्रवारी मी धुतलेलं लुगडं नेसले आणि तिच्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. निकितानं नको म्हटलं नाही. स्क्रीनवर तीन तोंडं होती. मोठ्या मॅडम, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या, आयुष सर, आणि तो ड्रायव्हर लिहिणारा पोरगा, दाढी न केलेला.

निकितानं सांगायला सुरुवात केली. चांगलं सांगत होती. आयुष सरनं मधेच तोडलं. म्हणाला, मॅडम, हा सगळा डेटा खराब आहे, त्यांच्या घरातल्या एका बाईंनी टेस्ट चालू असताना तार ओढली, आता यावर विश्वास कसा ठेवणार. निकिता थांबली. मला वाटलं आता ही पुन्हा बरं म्हणते. तिनं कॅमेरा उचलला आणि माझ्याकडे वळवला.

"मॅडम, या त्या बाई. माझ्या सासूबाई. आई, तार काढा."

मी उठले. तार कॅमेऱ्यासमोर धरली, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की दुसरीच होती. काढली. लावली. निकितानं आकडा दाखवला. शून्य.

मॅडम म्हणाल्या, परत. मी परत काढली. शून्य. त्या म्हणाल्या, या वेळी जरा वेळानं लावा. मी तार हातात घेऊन उभी राहिले. तेवढ्यात आयुष सर म्हणाला की गिऱ्हाईक काही अशी तार ओढत बसत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "तुमची कार्डं जिथी जाऊन राह्यली, तिथलं गिऱ्हाईक मीच हाय. आमच्याकडं ढग गरजला की सारं गाव तार काढते. माकड काढते, उंदीर कुरतडते, पोट्टे ओढतात. तुमच्या ऑफिसात तार कोणी काढत नाही म्हणून तुम्ही आमचं सांडलेलं पुसून टाकान काय?"

मी तार लावली. शून्य.

तेव्हा तो दाढी न केलेला पोरगा खोकला आणि हळूच म्हणाला, मॅडम, बरोबर आहे त्यांचं. लिंक गेली की मी पूर्ण रीसेट करतो. जुने आकडे साठवायचे राहिले.

मॅडमनी विचारलं, किती दिवस लागतील. तो म्हणाला, पाच. मॅडम म्हणाल्या, कार्ड आज जात नाही. निकिता, तार काढायची टेस्ट पक्की लिहा, मशीननं चालणारी. आयुष सरनं विचारलं, मग डबे तरी पुण्याला मागवून घेऊ का. मी तोंड उघडणार होते. त्याआधी निकिता बोलली.

"टेस्ट मी लिहिणार आहे, सर. डबे इथंच राहतील."

आवाज मोठा नव्हता. पण मॅडमनी मान हलवली आणि तो विषय तिथंच संपला.

तिला तीन दिवस लागले. मला वाटलं होतं आता रोज तार काढायचं काम माझ्याकडे, तर तसं नाही. तिनं मशीनलाच शिकवलं. तार जागेवर राहते आणि मशीन आतून ती निघाल्यासारखं करते, मग लागल्यासारखं करते. कधी एका क्षणात, कधी दहा मिनिटांनी, कधी पॅकेटं धो धो येत असताना, कधी काहीच येत नसताना. दोनशे वेळा. आणि प्रत्येक वेळी विचारते, आधीचा आकडा मोठा की आत्ताचा. आत्ताचा लहान निघाला की लाल. पहिल्या दिवशी दोनशेच्या दोनशे लाल निघाले. मला थोडं वाईट वाटलं की माझ्या हाताची गरज उरली नाही. थोडंच.

पुढच्या आठवड्यात त्या पोरानं सुधारलेला ड्रायव्हर पाठवला. निकितानं सकाळी टेस्ट लावली, दुपारी संपली. एकशे सत्त्याण्णव हिरवे, तीन लाल. मी म्हटलं, झालं की मग. ती तीन लाल ओळींकडे पाहत बसली. मग म्हणाली, तीनही वेळा तार लागता लागता पुन्हा निघाली होती. अर्धवट लागलेली तार. तिथं तो अजून चुकतो. अहवालावर मी सही करणार नाही.

तासाभरानं माझा फोन वाजला. आयुष सर. नंबर रजतनं दिला असणार, त्याचं मी नंतर पाहिलं. आयुष सर मला आता आई म्हणत होता. आई, नमस्कार, तब्येत कशी आहे. मी म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकल्यावर बरी झाली. मग तो मुद्द्यावर आला. दोनशेत तीन म्हणजे काहीच नसतं. गिऱ्हाईक थांबलंय. ती ऐकत नाही. तुम्ही घरात मोठ्या आहात, तिला दोन शब्द सांगा.

मी खोलीकडे पाहिलं. निकितानं केस वर बांधले होते, पाय खुर्चीवर घेतले होते, बाजूला मी दोन तासांपूर्वी ठेवलेला चहा तसाच होता, वर साय आलेला. खुशी दाराला लोंबकळून तिला हाक मारत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. आमच्या घरात कोणतं बियाणं पेरायचं हे मी सांगते. भिंतीला रंग कोणता द्यायचा हे मी सांगते. वरणात गूळ किती, हेसुद्धा.

"आयुष सर," मी म्हटलं, "या घरात सारं मले विचारून होते. हे नाही होत. ते तिचं हाय. तिनं नाही म्हणलं ना, मंग नाही."

तो पुन्हा आई म्हणाला. मी फोन ठेवला.

खुशीला कडेवर घेतलं, खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि रजतला सांगितलं, मी हिला घेऊन वावरात चालले, आज कुकर तू लावायचा. तो म्हणाला, मले येत नाही. मी म्हटलं, निकिताले तरी आईच्या पोटातून येत होतं काय हे सारं.